रोमन राजघराण्यातील स्त्रियांची ब्राँझची नाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नाणी खरोखरच ब्राँझची असतात का?

सोने आणि चांदी वगळून उरलेल्या सगळ्या रोमन नाण्यांना संग्राहक सरसकट ब्राँझची नाणी म्हणतात, पण ते काटेकोर वर्णन नव्हे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. 23 च्या सुमारास नाणेपद्धतीची नवी घडी बसवली, तेव्हा सेस्टर्शियस आणि डुपाँडियस ही नाणी पितळेची आणि आस हे नाणे तांब्याचे ठरले. या पितळेला रोमन लोक ओरिकाल्कम म्हणत. तांबे आणि जस्ताचे खनिज बंद मुशीत एकत्र तापवून ते तयार होई, आणि टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले सेस्टर्शियस सोन्यासारखे पिवळेधमक दिसे. पुढे जुनी नाणी वितळवून नवी पाडली जाऊ लागली, तसतसे जस्त उडून गेले आणि त्याची जागा कथील व शिसे यांनी घेतली. त्यामुळे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धानंतरच्या नाण्यांना ‘ब्राँझ’ हा शब्द अधिक शोभतो.

एका सोन्याच्या ऑरियसचे 25 चांदीचे दिनारियस, एका दिनारियसचे 4 सेस्टर्शियस आणि एका सेस्टर्शियसचे 2 डुपाँडियस किंवा 4 आस असा हिशेब होता. पॉम्पेईतील एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर दरच लिहिलेला आहे: एका आसला साधी दारू, दोनला बरी आणि चार आस मोजल्यास फालेर्नियन ही उंची दारू. सोन्याचे नाणे ज्याने कधी हातात धरले नसेल, अशा हमालाच्या आणि भाजीवालीच्या मुठीतही राणीचा चेहरा असे तो याच नाण्यांवर. म्हणूनच या स्त्रियांची सार्वजनिक प्रतिमा समजून घ्यायची असेल, तर ब्राँझची नाणी सोन्याच्या नाण्यांपेक्षा जास्त सांगतात, असे मला ठामपणे वाटते.

सेस्टर्शियस हातात घेतल्यावर केवढे वाटते?

पहिल्या दोन शतकांतील सेस्टर्शियसचे वजन सुमारे 25 ग्रॅम आणि व्यास साधारण 32 ते 35 मिलिमीटर असतो. आपल्याकडील दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली, तरी वजन त्याहून थोडे कमीच भरते. एवढ्या मोठ्या चकतीवर ठसा कोरणाऱ्या कारागिराला पुरेशी जागा मिळे, त्यामुळे केसांची एकेक बट, कानातले आणि पदराची चुणीसुद्धा दिसते. डुपाँडियस आणि आस हे त्याच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी वजनाचे असतात.

राजघराण्यातील स्त्रिया नाण्यांवर केव्हापासून दिसू लागल्या?

रोमन सेनानी मार्क अँटनीने इ.स.पू. 38 च्या सुमारास पूर्वेकडे पाडलेल्या नाण्यांवर त्याची पत्नी ऑक्टेव्हिया त्याच्यासमोर तोंड करून दिसते. रोमच्या टांकसाळीने मात्र बराच काळ संयम पाळला. ऑगस्टसची पत्नी लिव्हिया इ.स. 22 मध्ये गंभीर आजारी पडली. त्यानंतरच्या वर्षभरात तिचा मुलगा टायबेरियस याच्या कारकिर्दीत डुपाँडियस नाण्यांची एक मालिका निघाली आणि तिच्यातील एका नाण्यावर स्त्रीचे मस्तक व खाली ‘सालुस आउगुस्ता’ हे शब्द आले. सालुस म्हणजे आरोग्य किंवा कल्याण. केस मध्ये भांग पाडून मानेवर अंबाड्यात बांधलेले आहेत, आणि बहुतेक अभ्यासक हा चेहरा लिव्हियाचाच मानतात. तिचे नाव मात्र त्या मस्तकाभोवती नाही. चेहरा तिचा आणि नाव सद्गुणाचे, ही सावध तडजोड फार बोलकी आहे.

त्याच सुमाराच्या एका सेस्टर्शियसवर याच्या नेमके उलटे घडले. त्यावर ‘सिनेट आणि रोमच्या जनतेकडून ज्युलिया ऑगस्टा हिला’ असा लेख आहे. हे लिव्हियाचे उत्तरायुष्यातील अधिकृत नाव होते. पण चेहऱ्याऐवजी तिथे खेचरांची नक्षीदार गाडी दिसते. टायबेरियसने आईला देवत्व देण्यास नकार दिला. ते तिला तिचा नातू सम्राट क्लॉडियस याने इ.स. 42 मध्ये दिले आणि त्यानंतर ‘दिवा आउगुस्ता’ या नावाने ती सिंहासनावर बसलेली नाण्यावर आली.

टायबेरियसनंतरचा सम्राट कॅलिग्युला याने हा संयम पुरता मोडला. इ.स. 37–38 मधील त्याच्या सेस्टर्शियसवर अग्रिपिना, ड्रुसिला आणि ज्युलिया या त्याच्या तीन जिवंत बहिणी नावानिशी ओळीने उभ्या आहेत. एक खांबाला रेललेली आहे, एकीच्या हातात तर्पणाची थाळी आहे, एकीने सुकाणू धरले आहे, आणि त्यांतून सुरक्षितता, ऐक्य व भाग्य या तीन देवता सुचवल्या आहेत. ड्रुसिला 38 मध्येच वारली आणि उरलेल्या दोघींना पुढच्या वर्षी त्याच भावाने हद्दपार केले.

अग्रिपिनेच्या नाण्यावरील गाडीचा अर्थ काय?

ही अग्रिपिना म्हणजे कॅलिग्युलाची आई, थोरली अग्रिपिना. टायबेरियसने तिला पांडातेरिया या छोट्या बेटावर हद्दपार केले आणि तिथेच इ.स. 33 मध्ये तिचा अंत झाला. मुलगा 37 मध्ये सम्राट झाला, तेव्हा पहिल्याच दिवसांत तो स्वतः समुद्रमार्गे त्या बेटावर गेला, आईच्या अस्थी घेऊन रोमला आला आणि त्या ऑगस्टसच्या समाधीत ठेवल्या. तिच्या सेस्टर्शियसच्या एका बाजूला तिचा चेहरा आहे आणि केसांची वेणी मानेवर लांब उतरलेली आहे. दुसऱ्या बाजूला दोन खेचरांनी ओढलेली छताची दुचाकी गाडी आणि ‘सिनेट व जनतेकडून अग्रिपिनेच्या स्मृतीस’ असा लेख आहे.

त्या गाडीला कार्पेंटम म्हणत. शहरात अशा गाडीतून जाणे हा मोजक्या प्रतिष्ठित स्त्रियांना मिळणारा मान होता. कॅलिग्युलाने आईच्या स्मरणार्थ खेळ सुरू केले आणि त्यांच्या मिरवणुकीत तिची प्रतिमा अशाच गाडीतून नेण्याचा प्रघात घातला. नाण्यावरील गाडी रिकामी दिसते, पण ती त्या मिरवणुकीतील आहे. ज्या स्त्रीचे नाव चार वर्षांपूर्वी उच्चारणेही धोक्याचे होते, तिच्या मानाची गाडी आता बाजारातील प्रत्येक व्यवहारात हातोहात फिरत होती. रोमन नाण्यांत याहून हृद्य नाणे मला तरी माहीत नाही. तिच्या अस्थिकलशाचा दगडही टिकून आहे. मध्ययुगात तो धान्य मोजण्याचे माप म्हणून वापरला गेला आणि आज तो रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे.

मागच्या बाजूवरील स्त्री म्हणजे राणीच असते का?

बहुधा नाही. पुढच्या बाजूवर राणीचा चेहरा असतो आणि मागे बहुतेक वेळा एखादी देवता किंवा मूर्तरूप दिलेला सद्गुण असतो. चेहऱ्यावर पदर ओढणारी पुदिकितिया म्हणजे शालीनता, थाळी धरून बसलेली कॉनकॉर्डिया म्हणजे ऐक्य, मोर किंवा राजदंड असलेली जूनो, सफरचंद धरलेली व्हीनस, आणि हातांवर व पायांशी मुले असलेली फेकुंदितास म्हणजे सुफलता. ही निवड कोणाची, राजवाड्याची, टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची की सिनेटची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय नाणे वाचले असे होत नाही, कारण राणीने कसे असावे ही राज्याची अपेक्षा मागच्या बाजूवरच कोरलेली आहे.

थोरल्या फाउस्टिनाची नाणी इतकी विपुल का? ती तर लवकर वारली होती.

अँटोनायनस पायस 138 मध्ये सम्राट झाला आणि त्याची पत्नी थोरली फाउस्टिना 140 मध्ये वारली. सम्राज्ञी म्हणून तिला जेमतेम दोन वर्षे मिळाली. तरीही तिची जी नाणी आज सापडतात त्यांतील फार मोठा भाग मृत्यूनंतरचा आहे, आणि पायस 161 पर्यंत जगला तोवर, म्हणजे वीस वर्षे, ती पाडली जात राहिली. त्यांवरील लेख ‘दिवा फाउस्टिना’ असा असतो. मराठी वाचकाला हा शब्द पाहून समई आठवेल, पण लॅटिनमधील ‘दिवा’ हे आपल्या ‘देव’ आणि ‘दिव्य’ या शब्दांचेच दूरचे भावंड आहे: देवत्व पावलेली.

मागच्या बाजूवर ‘एटर्नितास’ (चिरंतनता), ‘कॉन्सेक्रातिओ’ (देवत्वप्राप्ती) किंवा नुसते ‘आउगुस्ता’ असे शब्द येतात. काही नाण्यांवर सहा खांबांचे देऊळ दिसते. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, तिच्यासाठी बांधलेले ते देऊळ पुढे चर्च झाल्यामुळे वाचले, आणि त्याचे खांब आजही उभे आहेत. पुरातन नाण्यावरील इमारत आणि प्रत्यक्ष इमारत अशी समोरासमोर ठेवता येणे ही क्वचितच मिळणारी संधी आहे.

माझ्याकडील सेस्टर्शियस अगदी झिजलेले आहे. दिव्याखाली तिरपे धरले की आधी दिसतो तो माथ्यावरचा खोपा, वेण्या गुंडाळून शिखरासारखा बांधलेला. गाल आणि कानाची पाळी गुळगुळीत झाली आहे, नाकाचा शेंडा उरलेला नाही, आणि ‘फाउस्टिना’मधील शेवटची तीन अक्षरे बोटाच्या पेराला जाणवतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. ही झीज जमिनीत पुरले गेल्यामुळे झालेली नाही. ती हातांनी झालेली आहे, दशकानुदशके चाललेल्या देवघेवीची.

धाकट्या फाउस्टिनाच्या नाण्यांवर मुले का असतात?

धाकटी फाउस्टिना ही थोरलीची मुलगी आणि मार्कस ऑरेलियसची पत्नी. नोव्हेंबर 147 च्या अखेरीस तिला पहिले मूल झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिला ‘ऑगस्टा’ ही सम्राज्ञीची पदवी मिळाली. पतीला ‘ऑगस्टस’, म्हणजे सम्राट, होण्यासाठी पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे मातृत्वाला राज्य किती मोल देत होते ते कळते. त्यापूर्वी अनेक सम्राटांनी वारस दत्तक घेतले होते, कारण त्यांना पुत्र नव्हता. आता राजघराण्यात मूल जन्मले होते आणि टांकसाळीने ती वार्ता पुनःपुन्हा सांगितली.

तिला किमान बारा मुले झाली. 161 च्या ऑगस्टमध्ये कॉमोडस आणि त्याचा जुळा भाऊ जन्मले, तेव्हा ‘सेकुली फेलिकितास’, म्हणजे युगाचे सौभाग्य, या लेखाचे नाणे निघाले. त्यावर गादी घातलेल्या आसनावर दोन बालके आहेत. दुसऱ्या एका नाण्यावर उभ्या स्त्रीच्या हातांवर दोन आणि पायांशी चार अशी सहा मुले मोजता येतात. त्या जुळ्यांपैकी कॉमोडसचा भाऊ चौथ्या वर्षी गेला, आणि तिची बहुतेक मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. ते कोणत्याही नाण्यावर नाही. म्हणून या सुफलतेच्या नाण्यांकडे पाहताना मला आनंदापेक्षा घालमेल अधिक जाणवते. कारागीर एका आसनावर दोन बाळे कोरत होता, आणि राजवाड्यात आई ती जगतील की नाही याचा घोर करत होती.

ती पतीबरोबर लष्करी छावणीत राहिली, म्हणून 174 मध्ये तिला ‘मातेर कास्त्रोरुम’, छावणीची माता, ही पदवी मिळाली. ‘मातेर’ आणि ‘मातृ’ यांचे नाते सांगायला नकोच. पुढे 175–176 च्या हिवाळ्यात आजच्या तुर्कस्तानातील कापाडोशियामधल्या हालाला या खेड्यात ती वारली. त्यानंतरच्या काही नाण्यांवर ‘सिदेरिबुस रेकेप्ता’, म्हणजे ताऱ्यांत सामावली गेली, असे शब्द आहेत.

दोन्ही फाउस्टिनांच्या नाण्यांवर ‘दिवा फाउस्टिना’ लिहिलेले असेल, तर फरक कसा ओळखावा?

केसांवरून. थोरलीचा खोपा माथ्यावर असतो, धाकटीचा अंबाडा मानेवर. नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावी अशी ही खूण आहे. धाकटीच्या नाण्यांचा काळ लेखावरूनही ठरतो: ‘पायस ऑगस्टसची मुलगी’ असा उल्लेख असेल तर ते 161 पूर्वीचे, नुसते ‘फाउस्टिना ऑगस्टा’ असेल तर 161 नंतरचे.

इतर राण्यांच्या बाबतीतही केशरचनेचा मोठा आधार मिळतो. सम्राट ट्रेजनची पत्नी प्लोटिना हिचे केस कपाळावर उंच उभारून मागे लांब सोडलेले असतात. सीरियातील एमेसा, म्हणजे आजच्या होम्स, येथून आलेल्या, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना हिचे केस लाटांसारखे जड आणि इतके नियमित असतात की तो केसांचा टोप असावा असे अनेकांना वाटते. डोम्नाच्या नाण्यांचा क्रमही लेखच सांगतो: सुरुवातीला ‘ज्युलिया डोम्ना ऑगस्टा’, मग साधारण 196 पासून ‘ज्युलिया ऑगस्टा’ आणि पतीच्या मृत्यूनंतर, 211 पासून, ‘ज्युलिया पिया फेलिक्स ऑगस्टा’. लेख वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रोमन ‘यू’ हे अक्षर इंग्रजी ‘व्ही’सारखे कोरलेले असते.

राणीचे नाणे डुपाँडियस आहे की आस, हे कसे कळते?

हा प्रश्न अनुभवी संग्राहकांनाही छळतो. नीरोच्या काळापासून सम्राट डुपाँडियसवर बहुधा सूर्यकिरणांचा मुकुट घालतो आणि आसवर लॉरेलच्या पानांचा, त्यामुळे सम्राटांच्या नाण्यांत घोळ होत नाही. स्त्रिया सूर्यमुकुट घालत नाहीत. मग उरतो फक्त धातू: पिवळे पितळ म्हणजे डुपाँडियस, लालसर तांबे म्हणजे आस. पण अठराशे वर्षांच्या हिरव्या-तपकिरी थराखाली पिवळे काय आणि लाल काय? वजनेही एकमेकांत मिसळतात. नुसता धातू पाहण्यासाठी नाणे खरवडणे हा गुन्हा समजावा. ‘डुपाँडियस किंवा आस’ अशी नोंद करून थांबणे अधिक प्रामाणिक आहे. तिसऱ्या शतकात दुप्पट किमतीच्या नाण्यांवर राणीच्या खांद्यांखाली चंद्रकोर दिसू लागते. सम्राटाला सूर्य आणि राणीला चंद्र अशी ती विभागणी होती.

काही राण्यांची नाणी जवळजवळ मिळतच नाहीत. का?

कधी कारकीर्द छोटी होती म्हणून, कधी राणीचा अधःपात झाला म्हणून. क्लॉडियसची पत्नी मेसालिना हिचा 48 मध्ये वध झाल्यावर सिनेटने तिचे नाव आणि पुतळे हटवण्याचा ठराव केला. तिचा चेहरा पूर्वेकडील शहरांच्या नाण्यांवर आहे, रोमच्या नेहमीच्या ब्राँझ नाण्यांवर नाही. प्लोटिना, मार्कियाना आणि मातिदिया यांचे सेस्टर्शियसही दुर्मीळ आहेत. याउलट दोन्ही फाउस्टिना, लुसिला, ज्युलिया डोम्ना आणि ज्युलिया मामिया यांची नाणी सहज मिळतात.

चौथ्या शतकातील छोटी नाणी यातच मोडतात का?

होय. सेस्टर्शियस तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडले आणि त्यानंतरची ब्राँझ नाणी लहान व पातळ आहेत. सम्राट कॉन्स्टंटाइनने 324 मध्ये आई हेलेना आणि पत्नी फॉस्टा या दोघींना ‘ऑगस्टा’ केले. हेलेनाच्या नाण्यावर हातातील फांदी खाली झुकवलेली सुरक्षितता आहे, फॉस्टाच्या नाण्यावर दोन मुले कडेवर घेतलेली स्त्री. फॉस्टाचा 326 मध्ये पतीच्याच आज्ञेने अंत झाला आणि तिची नाणी तिथेच थांबली. पुढे सम्राट थिओडोसियसची पत्नी फ्लासिला हिच्या नाण्यावर विजयदेवता ढालीवर ख्रिस्ताचे चिन्ह कोरताना दिसते.

महाराष्ट्रात अशी नाणी सापडतात का?

सुरुवातीच्या शतकांतील राणीचे सेस्टर्शियस इथे मिळण्याची अपेक्षा धरू नये. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वृत्तांतात भडोच बंदराच्या आयातीत रोमन सोन्याचांदीची नाणी आहेत आणि ती स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई असे म्हटले आहे. पैठण आणि तेर येथील माल त्याच बंदरात उतरत असे. सोने-चांदी कुठेही वजनावर चालते, पण पितळेच्या सेस्टर्शियसची किंमत रोमन राज्याच्या शब्दावर उभी होती, आणि तो शब्द समुद्रापलीकडे चालत नव्हता. दक्षिण भारतातील निधींत टायबेरियसचे चांदीचे दिनारियस मोठ्या संख्येने मिळतात. त्यांच्या मागच्या बाजूवर बसलेली स्त्री परंपरेने लिव्हिया मानली जाते. चौथ्या-पाचव्या शतकांतील लहान ब्राँझ नाणी तमिळनाडू आणि श्रीलंका येथे सापडली आहेत.

इथे एक तुलना सुचते. दुसऱ्या शतकातील सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे आणि लेखात ‘गोतमिपुत’ किंवा ‘वासिठिपुत’ असे आईकडून आलेले नाव आहे. रोममध्ये त्याच शतकात राणीचा चेहरा नाण्यावर होता, इकडे राजाच्या चेहऱ्याभोवती आईचे नाव होते.

नाण्यावरील हिरवा थर साफ करावा का?

करू नये. पितळेच्या भांड्यावर चढणारा कळंक आपण चिंच लावून घासून काढतो, तीच सवय इथे घातक ठरते. गुळगुळीत, घट्ट हिरवा किंवा तपकिरी थर हे नाण्याचे कवच आहे, आणि केसांचे बारीक काम त्या थरातच उरलेले असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा पितांबरी यांपैकी काहीही लावू नये. काळजी करायची ती फिकट हिरव्या, भुसभुशीत, नखाने पावडर होणाऱ्या ठिपक्यांची. तो क्लोराइडमुळे होणारा रोग आहे, ओलावा मिळाला की तो धातू आतून पोखरत जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने त्याला हवे तसे हवामान असते. असे नाणे लगेच वेगळे काढावे, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे आणि उपचार संवर्धकाकडूनच करून घ्यावेत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत कोणतेच नाणे ठेवू नये.

खोटी नाणी कशी ओळखावीत?

ओतीव नकलेच्या कडेवर साच्याचा सांधा दिसतो, पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात. राण्यांच्या सेस्टर्शियसमध्ये अधिक मोठा धोका वेगळाच आहे: नाणे अस्सल असते, पण झिजलेले केस आणि पदर नंतर अवजाराने पुन्हा कोरलेले असतात. चेहरा झिजलेला आणि वेण्या मात्र धारदार, असे दिसले की सावध व्हावे. सोळाव्या शतकात पादुआ येथील जोव्हान्नी दा काव्हिनो याने रोमन सेस्टर्शियसच्या धर्तीवर सुरेख ठसे कोरले. त्याच्या नकलाही आता स्वतंत्रपणे जमवल्या जातात.

भारतात अशी नाणी बाळगण्याबाबत कायदा काय सांगतो?

1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे हा पुरावशेष ठरतो, आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातलगाला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवतानाही हे लागू होते. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विकत घेताना पावती आणि नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते याची लेखी माहिती मागावी आणि ती नाण्याच्या पाकिटाबरोबरच जपावी.

पहिले नाणे घ्यायचे झाल्यास कोणाचे घ्यावे?

थोरल्या फाउस्टिनाचे मरणोत्तर आस किंवा डुपाँडियस घ्यावे. ते भरपूर उपलब्ध असते, झिजलेले असले तरी खोप्यावरून लगेच ओळखता येते, आणि लेख छोटा असल्यामुळे लॅटिन न येणाऱ्यालाही अक्षर-अक्षर लावून वाचता येतो. घरी आणल्यावर ते खिडकीजवळ न्यावे, उजेड डावीकडून तिरपा पडेल असे धरावे आणि हळूहळू फिरवावे. एरवी सपाट वाटणाऱ्या भागातून आधी वेण्यांच्या रेषा आणि मग पदराची कड वर येते.